मंटोवर कार्यक्रम करायचाय ना, मग रेडिओपासून सुरू करा

नाशकात वाचनकट्टे आता बरेच झालेत, कुठे सोसायटीच्या हॉलमधे, कुठे कॉलेजात, कुठे कुणाच्या गच्चीवर, आणि अधूनमधून कुणीतरी विचारतंच की आम्हाला मंटोवर, म्हणजे उर्दू कथाकार सआदत हसन मंटोवर, तासाभराचं काहीतरी करायचंय, कसं करू. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतेय.

बहुतेक कार्यक्रम एकाच वाटेने जातात. फाळणी, टोबा टेकसिंग ही कथा, अश्लीलतेचे खटले, दारू, वयाच्या ४२ व्या वर्षी मृत्यू, मग टाळ्या. सगळं खरं आहे. पण हा माणूस रोज सकाळी कामाला कुठे जायचा, काय लिहायचा, त्याच्या आजूबाजूला कोण बसायचं, हे त्यात येतच नाही. सआदत हसन मंटो दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर नोकरीला होता, १९४१ च्या सुरवातीपासून १९४२ च्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास, आणि तेवढ्यात त्याने इतकी रेडिओ नाटकं लिहिली की त्या काळातल्या नाटकांची चार पुस्तकं झाली, आओ, मंटो के ड्रामे, जनाज़े आणि तीन औरतें. माझं स्पष्ट मत आहे की तासातला अर्धा वेळ या दीड वर्षाला द्यावा. एक तर हे फारसं कुणी सांगत नाही, आणि दुसरं म्हणजे हे लिखाण कानासाठीच केलेलं आहे, त्यामुळे तुमच्याकडे स्टेज नाही, लाइट नाही, कपडेपट नाही याने काहीच बिघडत नाही. चार खुर्च्या आणि चांगले आवाज असले की झालं.

पहिलं काम म्हणजे एका कागदावर वर्षं लिहून काढा. मोबाइलमधे नको, कागदावर, कारण तो कागद निवेदकाच्या हातात राहणार आहे. ११ मे १९१२, पंजाबातलं समराळा, लुधियाना जिल्हा, काश्मिरी घराणं, वडील न्यायखात्यात. शिक्षण अमृतसरला, मॅट्रिकला नापास झाला आणि तेही उर्दूत, हे प्रेक्षकांना सांगा, पण त्याचा विनोद करून पुढे पळू नका, कारण लगेच पुढची गोष्ट येते. १९३३ मधे अमृतसरला त्याला अब्दुल बारी नावाचे पत्रकार भेटले, त्यांनी त्याला रशियन आणि फ्रेंच साहित्य वाचायला लावलं आणि मंटोने व्हिक्टर ह्यूगोचं एक पुस्तक उर्दूत आणलं. त्याची पहिली कथा तमाशा, जालियनवाला बागेच्या काळातली, एका लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेली. १९१९ साली मंटो स्वतः सात वर्षांचा होता आणि त्याच शहराशी त्याचं नातं होतं, हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, दोन तारखा शेजारी शेजारी वाचा, लोकांना कळतं. मग अलिगढ, तिथून तब्येतीमुळे परत, १९३६ मधे मुंबई, मुसव्विर नावाचं फिल्मी साप्ताहिक, १९३९ मधे सफियाशी लग्न. इथपर्यंतचं सगळं दहा मिनिटांत उरका. त्यापेक्षा जास्त वेळ गेला तर रेडिओला वेळ उरत नाही, आणि बालपणावर रेंगाळायचा मोह फार होतो.

आता दिल्ली. इथे थांबा. इथे थोडं वातावरण बांधावं लागतं कारण आज रेडिओ म्हणजे लोकांच्या डोक्यात गाडीत लागणारं एफएम असतं. १ जानेवारी १९३६ ला दिल्ली केंद्र सुरू झालं, त्याच वर्षी जूनमधे ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. मंटो आला तेव्हा केंद्र अलीपूर रोडवर होतं, पार्लमेंट स्ट्रीटची मोठी इमारत नंतरची. दुसरं महायुद्ध चालू होतं, सरकारला बातम्या आणि प्रचारासाठी रेडिओ हवा होता, त्यामुळे पैसा होता आणि लिहिणाऱ्यांची गरज पण होती. पहिले कंट्रोलर लायनेल फील्डन गेल्यावर सगळ्याचा प्रमुख झाला अहमद शाह बुखारी, म्हणजे पतरस, उर्दूतला अव्वल विनोदी लेखक आणि लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचा इंग्रजीचा प्राध्यापक. त्याचा धाकटा भाऊ झुल्फिकार पण रेडिओतच मोठ्या हुद्द्यावर, म्हणून लोक गमतीने त्या संस्थेला बीबीसी म्हणायचे, बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन. ही गोष्ट सांगितली की हॉल हसतो आणि मोकळा होतो, जरूर सांगा. आणि मंटोच्या आजूबाजूला कोण होते ते तर ऐका, कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क, कवी नून मीम राशिद. रेडिओचं उर्दू पाक्षिक होतं आवाज नावाचं, त्याच्या सुरवातीच्या संपादनात कवी मजाज होता. एकाच ऑफिसच्या आवारात उर्दूची अख्खी पिढी पगारावर काम करतेय, हे चित्र माझ्या मते मंटोच्या आयुष्यातलं सगळ्यात दुर्लक्षित चित्र आहे आणि निवेदनात त्याला निदान पाच मिनिटं तरी मिळायलाच हवीत.

त्याच वेळी भाषेचं भांडण पण चालू होतं. रेडिओची भाषा हिंदुस्थानी असं धोरण होतं, पण हिंदीवाले म्हणायचे ही तर उर्दूच आहे, उर्दूवाले म्हणायचे यात संस्कृत घुसवताय. हे सांगायचं ते एवढ्यासाठी की मंटोच्या नाटकांची भाषा बघा, ती बोलण्याची आहे, साधी, घरातली. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला पण ती फारशी अडत नाही, चारपाच शब्द सोडले तर सगळं समजतं.

हे सगळं कुठून वाचायचं? मंटोच्या कथा आणि नाटकं रेख्ताच्या साइटवर देवनागरीत आहेत, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, फुकट आहे. छापील हवं असेल तर राजकमल प्रकाशनाचे दस्तावेज नावाचे पाच खंड आहेत हिंदीत, महाग आहेत, पण चारपाच जणांनी मिळून घ्यायला हरकत नाही. आपल्या सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासूनची संस्था आहे ती, आधी तिथे चौकशी करा, मराठी अनुवाद तरी हाताला लागतील. पण एक लक्षात ठेवा, अनुवादांच्या पुस्तकांत बहुतेक कथाच असतात, नाटकं क्वचित, म्हणून नाटकासाठी मूळ देवनागरी पाठच लागतो. आणि दिल्लीच्या काळाबद्दल वाचायचं तर अश्कांचा मंटो मेरा दुश्मन हा लेख आणि कृष्ण चंदरने मंटोवर लिहिलेलं व्यक्तिचित्र, ही दोन्ही वाचाच. कृष्ण चंदर सांगतो की मंटो उर्दू टाइपरायटरवर थेट नाटक टाइप करायचा, आधी हाताने खर्डा वगैरे भानगड नाही. अश्क सांगतात ते वेगळ्या सुरात आहे, दोघांचं सतत वाजायचं, आणि आवारा नावाच्या नाटकाच्या स्क्रिप्टमधल्या बदलांवरून झालेल्या भांडणानंतर मंटो दिल्ली सोडून परत मुंबईला गेला. आता या आठवणी आहेत, मित्रांच्या आणि भांडलेल्या मित्रांच्या, त्यामुळे निवेदनात "अश्क म्हणतात", "कृष्ण चंदर म्हणतो" असं नाव घेऊनच सांगा. "असं घडलं" असं सपाट वाक्य लावू नका. लेखकाच्या आयुष्याबद्दल ज्या कहाण्या फिरतात त्यातल्या निम्म्या अशा सपाट वाक्यांनीच तयार झालेल्या असतात आणि मंटोच्या बाबतीत तर हे फारच झालंय. कुठलं वाक्य त्याचं आणि कुठलं त्याच्या नावावर खपवलेलं, याचा पत्ता नाही राहिलेला, व्हॉट्सअपवर आलेलं मंटोचं वचन कार्यक्रमात वापरू नका, पाया पडते.

ज्यांना खोदायची हौस आहे त्यांच्यासाठी अजून एक जागा. रेडिओचं इंग्रजी पाक्षिक होतं, द इंडियन लिसनर, त्यात केंद्रानुसार रोजचे कार्यक्रम वेळेसकट छापलेले असायचे. त्याचे जुने अंक स्कॅन करून नेटवर टाकलेत. १९४१ आणि ४२ चे अंक काढायचे, दिल्ली केंद्राचं पान बघायचं आणि नाटकांची नावं शोधत बसायचं. वेळ जातो, स्पेलिंगं कशीही असतात. पण आपण निवडलेलं नाटक त्या पानावर सापडलं तर त्या पानाची प्रिंट काढून हॉलच्या दारात लावा, त्याच्यासारखं पोस्टर नाही.

आता नाटक कुठलं घ्यायचं. आओ या पुस्तकातलं घ्या, डोळे झाकून. त्यात छोटी छोटी हलकीफुलकी नाटकं आहेत, आओ कहानी लिखें, आओ ताश खेलें, आओ अखबार पढ़ें अशा नावांची, आणि त्यात तीच तीन माणसं पुन्हा पुन्हा येतात, किशोर, त्याची बायको लाजवंती आणि त्यांचा मित्र नारायण. म्हणजे दोन पुरुष आवाज आणि एक बाई, बस. कुठल्याही कट्ट्यावर एवढी माणसं निघतातच. नवराबायकोची जुगलबंदी आहे, नारायण मधे काडी टाकतो, लोक खूप हसतात. आणि मंटो म्हणजे काळोख, वेश्यावस्ती, रक्त एवढंच डोक्यात घेऊन आलेला प्रेक्षक चकित होतो. गंभीर काही हवं असेल तर जनाज़े मधे आहे, त्यात इतिहासातल्या मोठ्या माणसांचे मृत्यू आहेत, पण ते पहिल्या कार्यक्रमाला नको, त्याला तयारीचे आवाज लागतात.

परवानगीचा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, मंटो १८ जानेवारी १९५५ ला गेला, म्हणजे २०१५ संपलं तसा त्याच्या मूळ उर्दू लिखाणावरचा हक्क भारतात संपला. मूळ पाठ वाचायला कुणाला विचारायला नको. पण मराठी अनुवाद वाचणार असाल तर तो हक्क अनुवादकाचा आहे, तिथे परवानगी घ्या, नाव जाहीर करा. यूट्यूबवर दुसऱ्या कुणी केलेलं वाचन हॉलमधे वाजवायचं असेल तरी तेच.

भाषा कुठली ठेवायची, मूळ की मराठी? मी म्हणेन निवेदन मराठीत आणि नाटक मूळ उर्दूतच, देवनागरीतून वाचून. अनुवादात नाटकाची चाल जाते. फक्त उच्चारांवर मेहनत करा. आपल्याला अडतात ते नुक्त्याचे, म्हणजे अक्षराखाली टिंब असलेले आवाज. ज़ दिसला की मराठी माणूस जहाजातला जा वापरतो, किंवा सरळ जेवणातला जे, दोन्ही नाही, झेब्रा म्हणताना इंग्रजीत जो आवाज निघतो तो. ख़ आणि ग़ घशातून येतात, ते पहिल्या दिवशी नाही जमले तर साधे ख, ग म्हणा पण उगाच खाकरल्यासारखं करू नका. फ़ ला ओठ मिटायचे नाहीत, दात खालच्या ओठाला लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाकातले स्वर, में, नहीं, हूँ, यहाँ, आपण ते मे, नही, हू असे कोरडे म्हणतो आणि तिथेच कळतं की वाचणाऱ्याच्या घरात ही भाषा नाहीये. यावर उपाय एकच, उर्दू बोलणाऱ्या माणसासमोर बसून मोठ्याने वाचणं. नाशकात त्यासाठी लांब जायला नको, जुन्या नाशकात, भद्रकाली, दूध बाजाराच्या बाजूला उर्दू शाळांत शिकलेली पुष्कळ माणसं आहेत, तुमच्याच ऑफिसात, बँकेत, कॉलेजात कुणीतरी असेलच, मागे लागून बोलवा. आणि फक्त उच्चार सुधारायला नको, त्यांना वाचायलाच बसवा. किशोर आमचा, लाजवंती तुमची, असं झालं की तालमीच इतक्या रंगतात की बास.

मालेगावला एक चक्कर मारा असंही सांगेन. शंभरेक किलोमीटर आहे, आग्रा रोडने एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत. आपल्याच जिल्ह्यात उर्दूचं एवढं मोठं गाव आहे, तिथून उर्दू वर्तमानपत्रं निघतात, पुस्तकं छापली जातात, मुशायऱ्यांना पहाटेपर्यंत गर्दी असते, यंत्रमागावर काम करणारा माणूस शेर ऐकवतो, आणि नाशकातल्या मराठी वाचकाला याचा पत्ताच नसतो हे मला खरंच खुपतं. तिथल्या उर्दू किताबांच्या दुकानात मंटो विचारा, मूळ लिपीतलं पुस्तक घेऊन या, वाचता येत नसलं तरी, कार्यक्रमात टेबलावर ठेवायला. दुकानदाराशी गप्पा मारल्या तर वाचायला माणूस पण मिळू शकतो.

तालमीचं थोडक्यात सांगते. बोलायचा वेग मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरा, त्या हिशोबाने नाटक वीस मिनिटांच्या आत बसवा, लांब होत असेल तर पूर्ण प्रवेश काढा, वाक्यं कापत बसू नका. त्या काळी नाटकं बहुतेक लाइव्ह जायची, चुकलं की चुकलं, पुढे चालायचं, तुम्हीही तसंच करा, हसू आलं तर येऊ द्या, पण थांबून "सॉरी, परत घेतो" नको. आवाज खरे वापरा. कपबशी, दाराची कडी, वर्तमानपत्राची घडी, पत्त्यांची पिसणी, हे सगळं माइकजवळ एका माणसाने करायचं, मोबाइलवरचे रेडिमेड आवाज लगेच नकली वाटतात. माइक दोन पुरे, एकावर निवेदक, एकावर तिघं नट, आणि लांबून येणारं पात्र खरोखर दोन पावलं मागे उभं राहून बोलायला लावा, रेडिओतली जागा अशीच तयार होते. दिवे मंद करून लोकांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं तर पहिली दोन मिनिटं चुळबुळ होते, मग एकदम लागतं. जागा छोटी घ्या. कुसुमाग्रज स्मारकासारखा हॉल मिळाला तर उत्तमच, नाहीतर सोसायटीचा हॉल चालतो, फक्त पंखे खडखडणारे नकोत आणि बाहेर हळदीचा डीजे नको, तारीख ठरवताना लग्नाच्या तिथी बघून घ्या.

नाटकानंतर कथेकडे या, आणि इथे कार्यक्रमाचे दोन भाग जुळतात. काली शलवार ही कथा घ्या. अंबाल्याहून दिल्लीत आलेली सुलताना, धंदा नाही, घराच्या सज्जातून समोरचं रेल्वेचं यार्ड बघत बसते, इंजिनं, रूळ, धूर, ढकलून दिलेला आणि आपोआप चालत राहिलेला एकटा डबा. दिल्लीत राहिलेल्या, तिथल्या आवाजांवर रोज काम करणाऱ्या माणसाची कथा आहे ती, असं मला वाटतं. तो यार्डाचा उतारा, दोन-तीन मिनिटांचा, एकाच आवाजात वाचा. त्यानंतर टोबा टेकसिंग. तो शेवटी येणारच, येऊ दे, पण पूर्ण नको. वेड्यांच्या इस्पितळातला बिशन सिंग जे अर्थ नसलेलं वाक्य सारखं बडबडत असतो ना, पंजाबी, उर्दू, इंग्रजी एकत्र कालवलेलं, ते कागदावर वाचून पुढे जाण्यासारखं आहे पण मोठ्याने म्हटलं की अंगावर येतं, कारण ते कानानेच लिहिलेलं आहे. कथेत ते दर वेळी थोडं थोडं बदलतं, वाचणाऱ्याने ते बदल पाठ करावेत. आणि त्याच वेड्यांच्या इस्पितळात एक एम.एस्सी. झालेला रेडिओ इंजिनियर आहे, बरेच वाचक त्याला विसरतात. गप्प गप्प, बागेत एकटा फिरणारा, आणि वेड्यांच्या अदलाबदलीची बातमी आल्यावर कपडे उतरवून तसाच बागभर फिरू लागलेला. रेडिओवरचं अर्ध्या तासाचं सगळं सांगून झाल्यावर हा परिच्छेद वाचला की काही समजवावं लागत नाही.

प्रश्नोत्तरांत खटले निघतातच, त्याची तयारी ठेवा. सहा कथांवर खटले झाले, तीन फाळणीआधी, काली शलवार, धुआँ, बू, आणि तीन पाकिस्तानात, खोल दो, ठंडा गोश्त, ऊपर नीचे और दरमियान. यातली काली शलवार दिल्लीच्या दिवसांतलीच आहे हे आवर्जून सांगा. बू चा खटला लाहोरला चालू होता तेव्हा लेखिका इस्मत चुगताईवर पण लिहाफ या कथेसाठी तिथेच खटला होता, दोघं मुंबईहून एकत्र गेले होते. दारूबद्दल विचारलं तर खरं ते सांगा, यकृत गेलं, लाहोरला १९५५ मधे वारला, पण त्यावर रमू नका. सिनेमाबद्दल विचारतील. फिल्मिस्तान या मुंबईच्या सिनेमा कंपनीत होता, आठ दिन या १९४६ च्या सिनेमात त्याने छोटं काम पण केलं, आणि तो १९४८ च्या जानेवारीत पाकिस्तानात गेल्यावर इकडे १९५४ मधे मिर्झा गालिब सिनेमा आला, कथा त्याची, संवाद उर्दू कथाकार राजेंद्रसिंग बेदीचे.

गट उत्साही असेल तर एक रविवार मुंबईला जा. पंचवटीने दादर, तिथून लोकलने भायखळा, आणि क्लेअर रोड, नागपाडा, फोरास रोड हा भाग पायी फिरा. क्लेअर रोडच्या अडेल्फी चेंबर्समधे तो राहायचा. एखादं इराणी हॉटेल उघडं असेल तर चहा घेऊन तिथेच एक पान वाचा, मोठ्याने, लोक बघतील, बघू देत.

आणि हा कार्यक्रम जमला की पुढचा लगेच ठरवा, पद्धत हीच. बेदी घ्या, पोस्टातला कारकून, मग लाहोर रेडिओ, फाळणीनंतर जम्मू केंद्राचा प्रमुख, मग मुंबई. किंवा रझा अली आबिदी घ्या, जन्म रुडकीचा, १९५० मधे कराची, १९७२ पासून लंडनला बीबीसी उर्दूत. पेशावर ते कलकत्ता या जुन्या रस्त्यावरून फिरून त्यांनी केलेल्या कार्यक्रमांचं पुस्तक झालं, जरनैली सडक. त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमधे सहज मिळतो, त्यामुळे तिथे आपलं अभिवाचन कमी ठेवा आणि मूळ आवाज ऐकवा, पण एका वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त नको, मधे मराठीत थोडं निवेदन, मग पुढचा तुकडा, आणि स्पीकर आदल्या दिवशीच तपासून घ्या.